भाड्याच्या पुस्तकांतली अक्का

माय माझ्याकडे जळगावात पिंप्राळ्याला राहायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. नाना जाऊन वर्ष झालं होतं. धरणगावच्या घराला कुलूप लावून, दोन गाठोडी आणि एक लोखंडी ट्रंक घेऊन ती आली, आणि दुसऱ्याच दिवशी तिने मला विचारलं की इथे जवळपास पुस्तकं भाड्याने मिळतात का. मला वाटलं, बुद्धवंदनेचं किंवा धम्मपदाचं काही हवं असेल. तर तिला भुतांची हवी होती.

हे मला नवीन होतं. नाना प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि आमच्या घरात भूत हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. गल्लीतल्या कुणी बाभळीखाली बाई दिसल्याचं सांगितलं, की नाना शांतपणे त्याला बसवून घेत आणि अर्धा तास समजावत. आपण धम्म घेतला तो ही जळमटं झटकायला, असं ते म्हणत. माय त्यांच्यासमोर मान हलवायची. पण अक्का गेल्यानंतर कधीतरी, नाना शाळेत असताना, ती शेजारणीकडून भयकथांची पुस्तकं आणून वाचायला लागली होती. तिने ते इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाही. आता डोळे गेले, म्हणून मला सांगावं लागलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती धुळ्याला अध्यापक विद्यालयात शिकत होती आणि तिथेच वसतिगृहात राहायची. ऐन मे महिन्यात, परीक्षा तोंडावर आलेली असताना तिला कावीळ झाली. तार आली तेव्हा नाना आणि काका निघाले. मायला नेलं नाही. आजारीच तर आहे, घेऊन येतो, असं सांगून गेले. ते पोचायच्या आतच ती गेली होती. त्या उन्हात तिला धरणगावपर्यंत आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं तिकडेच उरकलं. नाना तिची ट्रंक घेऊन परत आले. मायने लेकीचं तोंड पाहिलं नाही. तिच्या दृष्टीने पोरगी ट्रंक घेऊन धुळ्याला गेली आणि नुसती ट्रंक परत आली, एवढंच झालं होतं. मी तेव्हा शाळेत होते.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती आणि तिला लागून एका खोलीत पुस्तकांची लायब्ररी. गिरणीच्या पिठाचा पातळ थर सगळ्या पुस्तकांवर असायचा. पान उलटलं की बोटं पांढरी व्हायची. पुस्तकांना खाकी पुठ्ठ्याची बांधणी आणि पाठीवर शाईने काढलेलं नाव. भिंतीच्या एका बाजूला रहस्यकथा, दुसऱ्या बाजूला कौटुंबिक आणि दाराच्या मागे भयकथा. लायब्ररीवाले भाऊ म्हणायचे, ती मुद्दाम मागे ठेवली आहेत, बायका पोरांना घेऊन येतात. तिथे संध्याकाळी चांगलीच गर्दी व्हायची. दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी करणारे एक गृहस्थ सुट्टीच्या दिवशी येत आणि पिशवीभर रहस्यकथा घेऊन जात. पाळीत वेळ जात नाही, म्हणत. शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणी एकच कादंबरी नेत आणि एक मशीन चालवत असताना दुसरी मोठ्याने वाचत असे. कुणातरी आधीच्या वाचकाने खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवलेली असायची आणि मग त्यावरून भांडण व्हायचं.

मी एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते. घरी आल्यावर, चहा झाला की मायच्या कॉटशेजारी बसून तिला वाचून दाखवायचं, असा क्रम लागला. मला त्या गोष्टींत रस नव्हता. स्मशान, वटवाघूळ, करकरणारं दार; दोन-तीन पुस्तकांनंतर सगळं आधीच कळायचं. माय मात्र अगदी लक्ष देऊन ऐकायची. ती घाबरायची नाही. भूत आलं की ते काय बोललं, एवढंच पुन्हा वाचायला सांगायची.

एके दिवशी मी एक पातळसं पुस्तक आणलं. लेखकाचं नाव मी ऐकलं नव्हतं. मुलींच्या एका वसतिगृहाची गोष्ट होती. तिथे मेलेली एक मुलगी संध्याकाळी जिन्यात बसलेली दिसते. कुणाला त्रास देत नाही. एक नवी मुलगी घरच्या आठवणीने जिन्यात रडत बसते, तेव्हा ती तिच्याशेजारी येते आणि बोलते. सगळं पुस्तक शुद्ध मराठीत होतं, पण ते भूत तेवढं आमच्या बोलीत बोललं. मी ती ओळ मोठ्याने वाचली.

“पयले पानी पे, मंग रड. कोल्लं रडू नही.”

आधी पाणी पी, मग रड. कोरडं रडू नये. हे अक्काचं वाक्य होतं. मी पडले, मार खाल्ला, परीक्षेत नापास झाले, की ती तांब्या माझ्या हातात द्यायची आणि हेच म्हणायची. ते गल्लीतलं बोलणं नव्हतं, कुठली म्हणही नव्हती. तिचं तिने तयार केलेलं होतं.

मायने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थांब,” ती म्हणाली. “हाई मनी पोर शे.” ही माझी पोर आहे.

मी म्हटलं, माय, योगायोग असेल. पुढे वाच, एवढंच ती म्हणाली. पुढच्या पानावर त्या भुताला कुणीतरी भाकरी देतं, आणि ते भाकरी कडेकडेने खात जातं, मधला गोल शेवटी ठेवतं. अक्का अशीच खायची. नाना तिला हसायचे, म्हणायचे, हिला भाकरीचा चंद्र करायचा असतो.

त्या दिवसानंतर मी पुस्तकं वेगळ्या नजरेने चाळायला लागले. घरी आणण्याआधीच, लायब्ररीत उभी राहून. आणि अक्का मला पुन्हा सापडली. या वेळी एका रहस्यकथेत, दुसऱ्याच लेखकाच्या. त्यात दुसऱ्याच प्रकरणात एका तरुणीचा खून होतो. गुप्तहेर खोलीत येतो, ताटाकडे पाहतो. ताटात भाकरीचा मधला गोल तुकडा तसाच राहिलेला असतो. ती कडेकडेने खायची, म्हणजे तिचं जेवण कुणीतरी मध्येच तोडलं, म्हणजे खुनी ओळखीचा होता, असा तो माग काढतो. मायला वाचून दाखवताना मी खुनाचं पान गाळलं. तिला ते कळलं असावं.

तिसरी सापडली ती मोठी कौटुंबिक कादंबरी होती, तिसऱ्याच नावाने लिहिलेली, बायकांमध्ये तुफान चालणारी. तिच्यासाठी आधी सांगून ठेवावं लागायचं. तिच्यातली नायिका शिक्षिका होते, लग्न करते, सासरचं सोसते, दोन मुलं वाढवते, शेवटी तिचे केस पिकतात. ती वर्गातल्या रडणाऱ्या पोरांना पाण्याचा पेला देते आणि तेच वाक्य म्हणते. ही कादंबरी मायने मला पुनःपुन्हा वाचायला लावली. लायब्ररीवाल्या भाऊंनी शेवटी ती आमच्याकडेच राहू दिली आणि बाकीच्या बायकांना दुसरी प्रत आणून दिली.

“ती जित्ती शे आठे,” माय म्हणायची. इथे ती जिवंत आहे.

हळूहळू ती त्या नायिकेच्या मुलांविषयी बोलायला लागली. धाकट्याला ताप आलाय, आता काय करेल ती? थोरली तिच्यावरच गेली आहे. माझे पती मला बाजूला घेऊन म्हणाले की हे बरं नाही, वाचन थोडे दिवस बंद कर. मी बंद केलं. तर माय कॉटवर बसून, पुस्तक उघडून, न दिसणाऱ्या ओळींवरून बोट फिरवत तोंडपाठ म्हणायला लागली. मी ऑफिसातून आले की आतल्या खोलीतून तो आवाज यायचा, आणि मायचा आवाज त्यात अक्कासारखा यायचा. मला त्या खोलीत पाय टाकवत नसे. मी पुन्हा वाचायला बसले.

ही तीन नावं एकाच माणसाची असणार, हे उघड होतं. लायब्ररीवाल्या भाऊंनी सांगितलं की पुस्तकं पुरवणारा एजंट म्हणतो, लिहिणारी एक बाई आहे, धुळ्याची, शाळेत शिकवते. नाव त्यांना माहीत नव्हतं. बाईच्या नावावर खुनाची पुस्तकं खपत नाहीत आणि पुरुषाच्या नावावर घरगुती खपत नाहीत, म्हणून तिला वेगवेगळी नावं दिलीत, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मी धुळ्याला जायचं मनात आणलं, पण काय विचारणार? माझी मेलेली बहीण तुमच्या पुस्तकात कशी आली, असं?

मग तीच कौटुंबिक कादंबरी नाटक होऊन जळगावात आली. धुळ्याच्याच एका हौशी मंडळाने ती बसवली होती. लायब्ररीत हाताने लिहिलेला फलक लागला. शिवणकाम करणाऱ्या बहिणींनी सगळ्यांची तिकिटं काढून आणली आणि मायने मला न विचारताच त्यांना सांगून टाकलं की आपणही येणार.

रविवारी संध्याकाळचा प्रयोग होता. मायला काही स्पष्ट दिसणार नाही म्हणून आम्ही पहिल्या रांगेत बसलो. पडदा उघडला आणि एक सावळी मुलगी दोन वेण्या घालून समोर आली. ती अक्कासारखी दिसत नव्हती. अक्काचं नाक वेगळं होतं, उंचीही जास्त होती. पण थोड्या वेळाने मला ते नाक आठवेना. आज मी अक्का आठवायला गेले तर तीच मुलगी येते, चेहऱ्याला रंग लावलेली, दिव्यांच्या उजेडात.

दोन अंक पुस्तकाप्रमाणे झाले. तिसऱ्यात त्यांनी गोष्ट बदलली. नायिका आजारी पडते आणि दवाखान्याच्या खाटेवर मरते. मरण्याआधी ती खूप बोलते, नवऱ्याशी, मुलांशी, सगळ्यांची माफी मागते, सगळ्यांना माफ करते. सभागृहात हुंदके ऐकू यायला लागले. शिवणकाम करणाऱ्या बहिणी एकमेकींच्या खांद्यावर पडून रडत होत्या. मी मायचा हात घट्ट धरला, तिला उठवून बाहेर नेऊ का, असं विचारलं. तिने हात सोडवून घेतला. ती ताठ बसली होती, मान पुढे काढून, जणू त्या खाटेपर्यंत तिला पोचायचं होतं. खाटेवरची मुलगी निपचित झाली, कुणीतरी तिच्या तोंडावर पांढरी चादर ओढली, पडदा पडला.

“आते तरी मी दखं,” माय म्हणाली. आता तरी मी पाहिलं.

लोक उठले तेव्हा मंचावरून लेखिकेला हाक मारण्यात आली. एक किडकिडीत बाई, सुती साडी, खांद्याला पर्स, वर गेली, हार घेतला आणि लगेच खाली उतरली. माय म्हणाली, मला तिच्याकडे ने. आम्ही बाजूच्या बोळात गेलो, जिथे नाटकाचं सामान टेम्पोत चढत होतं. ती बाई तिथे एकटीच उभी होती. माझ्याकडे पाहिल्याबरोबर तिने पर्स दोन्ही हातांनी धरली. मी अक्कासारखी दिसते, असं लोक म्हणत असत. मी आता त्या वयाची होते, अक्का कधी झाली नाही त्या वयाची.

मी काही बोलायच्या आत मायने विचारलं, “मनी पोर शेवटले काय बोलनी?”

मी कोण, ही कोण, हे सांगायची गरजच पडली नाही. ती बाई तिथल्याच एका लाकडी खोक्यावर बसली आणि सांगत गेली. ती अक्काची वसतिगृहातली जोडीदारीण होती. अक्काला दवाखान्यात नेलं तेव्हा तीच सोबत होती. दुपारची वेळ होती. अक्काला आग आग होत होती आणि ती बर्फ मागत होती. ही बर्फ आणायला बाहेर पडली. जवळच्या गाडीवर संपला होता म्हणून पार बाजारापर्यंत गेली, भुशात गुंडाळलेला तुकडा पोत्यात घेऊन पळत आली. येईपर्यंत खाट रिकामी करायला घेतली होती. तिथे दुसरं कुणीच नव्हतं. अक्का काही बोलली का, कुणाला हाक मारली का, हे कुणालाच माहीत नाही.

“मला माहीत नाही, आई,” ती म्हणाली. “म्हणून तर प्रत्येक पुस्तकात मी तिला काहीतरी बोलायला लावते. एकही खरं वाटत नाही.”

नाटकातलं मरण तिचं नव्हतं. मंडळाने घातलं आणि तिने होकार दिला. प्रेक्षकांत बसून आपणही ते पहिल्यांदाच पाहिलं, असं तिने सांगितलं. मायने चाचपडत त्या बाईचा हात शोधला आणि म्हणाली, “तिले काय काय आवडे, ते बठ्ठं मी तुले सांगसू. तू घर ये.”

आणि ती येऊ लागली. महिन्यातून एखाद्या रविवारी धुळ्याहून एस.टी.ने यायची. माय मला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करायला लावायची, भरीत करायला लावायची. जेवण झालं की दोघी आतल्या खोलीत बसायच्या. माय बोलायची, ती ऐकायची. काही लिहून घ्यायची नाही. मायचा चेहरा त्या दिवसांत उजळलेला असे, आणि मीही खूश होते. आपल्या घराची एक जखम भरते आहे, असं मला वाटलं.

मग नवी पुस्तकं यायला लागली, आणि मी ती मायला वाचून दाखवायला लागले. एका कादंबरीत नायिका लहानपणी जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगात शिरून झोपते. सगळी गल्ली तिला शोधते, विहिरीत गळ टाकतात, आणि ती संध्याकाळी केसांत सरकी घेऊन उठून बसते. मी वाचता वाचता थांबले. कापसात मी झोपले होते. धरणगावला ही गोष्ट कुणालाही विचारावी. विहिरीवर नाना उभे होते आणि मला शोधून काढणारी अक्का होती.

मी मायला तसं म्हटलं. ती म्हणाली, नाही, ती अक्का होती, तू तर पाळण्यात होतीस. मी वाद घातला नाही. पुढच्या पुस्तकात माझं गोंदण तिच्या हातावर आलं. त्याच्या पुढच्यात नानांनी मला सायकल शिकवली ती तिने शिकून घेतली. आणि काही गोष्टी तर आमच्यापैकी कुणाच्याच नव्हत्या. अक्काने पुरात कुणाला वाचवल्याचं मी तिथेच वाचलं. माझं बालपण हळूहळू तिच्या नावावर चढत होतं. एकदा मी मायला सरळ विचारलं, हे खोटं तू का सांगतेस?

“खरं-खोटं मी काय जानू?” ती म्हणाली. “ती लिखस तवर पोर जित्ती ऱ्हास.”

तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे झाली, पण तिने स्वतः वाचायला घेतलं नाही. मीच वाचायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. माझा आवाज ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची आणि कधी कधी मला अक्काच्या नावाने हाक मारायची. मी ओ द्यायचे. पहिल्यांदा दिली तेव्हा माझी ओळ चुकली. नंतर सवय झाली.

नव्वदच्या पुढे कॉलनीत केबल आली आणि संध्याकाळची लायब्ररी ओस पडली. दीपनगरचे गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले. भाऊंनी खोली गिरणीला देऊन टाकली आणि अक्का असलेली सगळी पुस्तकं मला रिक्षात घालून पाठवली. त्याच वर्षी माय झोपेत गेली. लेखिका आली, दिवसभर बसली, आलेल्या बायकांना पाणी देत राहिली. घरातलीच वाटत होती. माझी मुलगी ती पुस्तकं वाचतच मोठी झाली. मावशी कापसात झोपली होती ना, असं तिने एकदा पाहुण्यांसमोर विचारलं आणि मी हो म्हटलं.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही महिन्यांनी लेखिका पुन्हा आली, न कळवता, भर दुपारी. ती थकली होती. प्रकाशक म्हणतो आता कुणी असलं वाचत नाही, पण एक शेवटचं लिहायचं आहे, असं ती सांगत होती. आईंनी जे दिलं ते सगळं संपलं, असंही म्हणाली. चहाचा कप हातात धरून तिने मला विचारलं, “तू काही सांग ना तिचं. तुझं असं काहीतरी असेलच.”

होतं. एकच होतं. अक्का धुळ्याला जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघीच घरात होतो, तेव्हाचं. ते मी मायलाही कधी सांगितलेलं नव्हतं, आणि ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते माझ्या जिभेवर आलं. सांगितलं असतं तर त्या बाईने ते जपून नेलं असतं, छान लिहिलं असतं, आणि पुढच्या वर्षी मी ते छापलेलं वाचलं असतं.

मी म्हटलं, मी तेव्हा फार लहान होते, काही आठवत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, हे मला दिसलं. तिने कप खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि धुळ्याची गाडी चुकेल म्हणून निघाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडलं.

त्यानंतर तिची दोन पुस्तकं आली. मी ती विकत घेऊन ठेवली आहेत. त्यांत अक्का काय करते, मला माहीत नाही. मी ती उघडलेली नाहीत.